सारखे दूध टाकणाऱ्या तान्ह्या बाळासाठी डब्याचे कोणते दूध निवडावे?

गिरणाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी बाळंतपणासाठी पाचोरा तालुक्यात माहेरी आले आहे. मुलगी साडेपाच आठवड्यांची आहे. जन्माच्या वेळी तिचे वजन २.९ किलो होते आणि मागच्या आठवड्यात अंगणवाडीताईंच्या काट्यावर ते ३.७ किलो भरले. सिझेरियननंतर मला दूध उशिरा आले, त्यामुळे दवाखान्यातच डब्याचे दूध सुरू झाले आणि ते पुढेही चालू राहिले. सध्या ती दिवसातून चार-पाच वेळा अंगावर पिते आणि त्याखेरीज आठ वेळा ९० मिलि डब्याचे दूध घेते.

जवळपास प्रत्येक वेळी पाजल्यानंतर ती दूध बाहेर काढते. कधी ते लगेच, जसेच्या तसे पातळ येते. कधी अर्ध्या तासाने दह्यासारखे फुटलेले आणि आंबट वासाचे येते. टाकताना ती रडत नाही, टाकून झाल्यावर हातपाय हलवत खेळत राहते. दिवसाकाठी सात-आठ लंगोट ओले होतात. सासूबाई सुरतेहून फोनवर सांगतात की म्हशीचे दूध पाणी घालून द्यावे, ते पोटात टिकते. आईचे म्हणणे, "टाकू दे माय, दूध टाकणारं पोर बाळसं धरस." मेडिकलमध्ये विचारले तर त्यांनी तीन वेगवेगळे डबे काढून ठेवले: एक ए.आर. (दूध टाकणे कमी व्हावे म्हणून दाट केलेले) लिहिलेला, एक लॅक्टोज (दुधातली साखर) नसलेला आणि एक 'पचायला हलका' म्हणून. तिन्हींच्या किमतीत बराच फरक आहे. यातला कोणता निवडावा, आणि निवडताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

व्यवस्थापन

धाग्यावर स्वागत. प्रतिसाद देताना कंपन्यांची आणि डब्यांची नावे टाळावीत व दुधाच्या प्रकाराबद्दल लिहावे, ही विनंती.

पांझराकाठची मावशी

गिरणाकाठ ताई, मी धुळ्यात बालरोग विभागात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे माझे म्हणणे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय समजू नये. परंतु कोणता डबा घ्यायचा हे ठरवण्याआधी एक साधा हिशेब करावा असे मला वाटते.

या वयाच्या बाळाला दिवसभरात, म्हणजे चोवीस तासांत, वजनाच्या दर किलोमागे साधारण १५० मिलि दूध लागते. तुमच्या मुलीचे वजन ३.७ किलो धरले तर हा आकडा ५५५ मिलि होतो. तुम्ही डब्याचेच ७२० मिलि देत आहात, म्हणजे किलोमागे जवळजवळ १९५ मिलि, आणि चार-पाच वेळा अंगावर पाजलेले त्यात धरलेलेच नाही. डब्यावर छापलेला तक्ता वयानुसार सरासरी बाळासाठी असतो. जे बाळ अंगावरही पिते, त्याचा विचार त्या तक्त्यात नसतो. पोटात मावते त्याहून अधिक दूध गेले की ते वर येणारच, मग डबा कोणताही असो.

मुळात बाळे दूध का टाकतात हेही थोडे समजून घ्या. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचे एक कडे असते. मोठ्या माणसात ते गिळताना उघडते आणि एरवी आवळलेले राहते. तान्ह्या बाळात ते अजून कच्चे असते आणि मध्येच सैल पडते. त्यात बाळाचा आहार सगळा पातळ, अन्ननलिका आखूड आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे राहण्यात जातो. म्हणून निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या काही महिन्यांत रोज थोडेफार दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे प्रमाण सर्वांत जास्त असते, बाळ बसू लागले की कमी होत जाते आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचे आपोआप थांबते.

किती दूध टाकले याचा अंदाज आयांना नेहमीच जास्त वाटतो. कोरड्या दुपट्यावर एक चमचा, म्हणजे ५ मिलि दूध ओतून पाहा. केवढा मोठा डाग पसरतो ते बघून बऱ्याच जणींचा जीव भांड्यात पडतो.

आता मला असे सांगा की दूध कोण बनवते, कसे बनवते आणि पाजल्यानंतरचा अर्धा तास बाळ कुठे आणि कशा स्थितीत असते.

गिरणाकाठ (धागाकर्ती)

मावशी, इतक्या आपुलकीने लिहिलेत, फार बरे वाटले. दूध बहुतेक वेळा आई बनवते. ती बाटलीत तीन चमचे पावडर आधी घालते आणि वरून ९० च्या खुणेपर्यंत गरम पाणी ओतते. चमचा शिगोशीग भरलेला असतो, कारण मुलीच्या मुलीला काही कमी पडू नये अशी तिची भावना असते. मग बाटली जोरात हलवून, फेस असतानाच बाळाच्या तोंडात जाते. सकाळचे दूध पाजून झाले की लगेच तेल लावणे आणि आंघोळ, त्यानंतर ओवा-शेपाची धुरी, आणि मग घट्ट गुंडाळून झोपवणे असा क्रम आहे.

पांझराकाठची मावशी

तुमच्या आईंच्या मायेबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. आमच्या विभागात येणाऱ्या दहापैकी नऊ आज्या असेच करत असत. पण पाणी आधी मोजून घ्यायचे आणि पावडर नंतर, हा क्रम उलटा झाला तर पावडरीने व्यापलेली जागा पाण्यातून कमी होते आणि दूध घट्ट बनते. त्यात चमचा शिगोशीग. त्या डब्यातला चमचा सुरीच्या सपाट पाठीने सारखा करायचा असतो, दाबायचाही नाही आणि ढीगही ठेवायचा नाही. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण असते, तरी आपल्या डब्यावरचे वाचून घ्यावे. घट्ट दुधाने बाळसे लवकर धरते हा समज आहे. प्रत्यक्षात त्याने शी घट्ट होते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि आपल्या उन्हाळ्यात तर अंगातले पाणी कमी होऊन क्षार वाढण्याचा धोका असतो. उलट बाजूने, डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवणेही तितकेच वाईट, कारण त्यात बाळाची उपासमार होते.

बाटली हलवल्यावर फेस बसेपर्यंत दोन मिनिटे थांबावे, नाहीतर दुधाबरोबर हवाही पोटात जाते. बाटली उलटी धरली असता दूध थेंबाथेंबाने पडायला हवे. धार लागत असेल तर निपलचे छिद्र मोठे आहे. पाजताना बाळाचे डोके पोटापेक्षा उंच असावे, मध्ये एकदा थांबून ढेकर काढावा आणि पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटे खांद्यावर उभे धरावे. तेल-आंघोळ दुधाच्या आधी करावी, नंतर नव्हे. पोटावरचे बांधणे सैल ठेवावे. धुरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे की तान्ह्या बाळाच्या खोलीत कसलाच धूर नको, मग तो ओव्याचा असो की विडीचा.

झोपवताना मात्र पाठीवरच. दूध घशात अडकेल या भीतीने अनेक घरांत बाळाला पालथे किंवा उंच उशीवर ठेवतात, पण पाठीवर झोपलेले निरोगी बाळ आलेले दूध स्वतः गिळू शकते, आणि पालथे झोपवण्यात अचानक मृत्यूचा धोका वाढतो हे सिद्ध झालेले आहे.

चाळीसगावचा फार्मासिस्ट

मावशींनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी दुकानाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण काउंटरवर हा प्रश्न रोज येतो.

ताई, तुमच्यासमोर ठेवलेल्या तिन्ही डब्यांचे हेतू वेगळे आहेत, ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. पहिल्या सहा महिन्यांसाठीचे साधे दूध म्हणजे गाईच्या दुधात फेरफार करून बनवलेली पावडर. गाईच्या दुधातील प्रथिनांत केसीन सुमारे ८० टक्के आणि व्हे २० टक्के असते; आईच्या पक्व दुधात व्हेचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून अनेक डब्यांत ते प्रमाण ६०:४० करून घेतलेले असते. केसीनचा गोळा पोटात घट्ट बनतो, व्हे लवकर पुढे सरकते. वजन वाढत असलेल्या बाळाला हे साधे दूध पुरेसे आहे, आणि एका कंपनीचे सोडून दुसरीचे घेतल्याने दूध टाकणे थांबेल असे मानण्यास आधार नाही.

लॅक्टोज नसलेले दूध मुख्यतः तीव्र जुलाबांनंतर काही दिवस किंवा काही दुर्मीळ आजारांत दिले जाते. जन्मतःच लॅक्टोज न पचणारी बाळे अतिशय विरळ असतात. आईच्या दुधात तर दर १०० मिलिमागे सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असते. 'पचायला हलके' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुधा प्रथिने अर्धवट तोडलेली असतात. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही. तिथे प्रथिने पूर्ण तोडलेले दूध लागते, ते बरेच महाग असते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही. शेळीच्या दुधाच्या पावडरीनेही ही ॲलर्जी टळत नाही. सोयाचे दूध सहा महिन्यांच्या आत स्वतःहून सुरू करण्याचे कारण नाही.

खर्चाचे म्हणाल तर ३.७ किलोच्या बाळाने केवळ डब्याचेच दूध घेतले, तर ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम पाच दिवस पुरतो. त्यामुळे विनाकारण महागडा प्रकार धरणे हे महिन्याच्या हिशेबात चांगलेच जाणवते.

आणखी एक गोष्ट. १९९२ चा शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनुसार या दुधाची जाहिरात करणे, खप वाढवण्यासाठी नमुने वा भेटवस्तू देणे यांना मनाई आहे. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्रही छापता येत नाही. तेव्हा कुणी आग्रहाने एखादाच डबा पुढे करत असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

यावलची लेक

मावशी आणि दादा यांच्या म्हणण्याला विरोध नाही, पण ए.आर. दुधाला इतके बाजूला सारू नये असे मला वाटते. माझा मुलगा तीन महिन्यांचा असताना दिवसातून कितीतरी वेळा दूध टाकत असे, प्रमाण मोजून झाले, खांद्यावर धरून झाले, तरी कपडे बदलून बदलून आम्ही थकलो होतो आणि त्याचे वजनही रेंगाळले होते. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून ए.आर. दूध सुरू केले आणि आठवडाभरात टाकणे निम्म्यावर आले. घरातल्या सगळ्यांनाच त्यामुळे झोप मिळाली, आणि बाळंतिणीच्या घरात झोप ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

पांझराकाठची मावशी

यावलच्या ताई, तुमच्या मुलाला ते लागू पडले यात मला आश्चर्य वाटत नाही, कारण ते दूध त्याच कामासाठी असते. त्यात कॅरोबच्या बियांचा डिंक किंवा तांदूळ, बटाटा अथवा मक्याचा स्टार्च घातलेला असतो. डिंकाचे दूध बाटलीतच दाटते, म्हणून त्याला थोड्या मोठ्या छिद्राचे निपल लागते. स्टार्चचे काही प्रकार पोटातल्या आम्लाशी गाठ पडल्यावर दाटतात. दोन्हींमुळे दूध तोंडावाटे बाहेर येणे कमी होते. मात्र आम्ल अन्ननलिकेत चढणे त्याच प्रमाणात थांबते असे नाही, आणि काही बाळांची शी त्याने बदलते.

तुमच्या बाबतीत क्रम योग्य होता हे महत्त्वाचे आहे: आधी प्रमाण आणि पद्धत तपासली, वजन रेंगाळलेले दिसले, डॉक्टरांनी पाहिले आणि मग ते दूध आले. धागाकर्त्या ताईंच्या मुलीचे वजन व्यवस्थित वाढते आहे आणि ती गरजेपेक्षा जास्त पिते आहे. तिथे आधी प्रमाण कमी करून पाहणे सयुक्तिक ठरते. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना तर दाट केलेले दूध डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कदापि देऊ नये. घरच्या घरी बाटलीत तांदळाचे पीठ किंवा सातूचे पीठ मिसळणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. उलटी थांबवणारे थेंब दुकानातून आणून देणेही टाळा. आनंदाने दूध टाकणाऱ्या बाळाला त्यांची गरज नसते.

धडगावकर

मी वेगळ्या कारणाने लिहीत आहे. माझ्या चुलतभावाचा पहिला मुलगा चार आठवड्यांचा असताना प्रत्येक पाजण्यानंतर दूध टाकू लागला. गावातल्या दुकानातून तीन वेळा डबा बदलून देण्यात आला. पण ते टाकणे या धाग्यात वर्णन केले आहे तसे ओघळणारे नव्हते. दूध फवाऱ्यासारखे हातभर लांब उडत असे, आणि उलटी होताच तो पुन्हा भुकेने कासावीस होऊन बाटली मागे. लंगोट कोरडे राहू लागले, तेव्हा नंदुरबारला नेले आणि तिथून धुळ्याला. सोनोग्राफीत जठराचे पुढचे तोंड जाड होऊन बंद होत आल्याचे दिसले. शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवसापासून तो दूध घेऊ लागला. आमच्या डोंगराळ भागातून धुळे गाठायला जो वेळ लागतो, त्याचा विचार करता ही लक्षणे आधी माहीत असणे फार मोलाचे आहे.

पांझराकाठची मावशी

धडगावकर दादांनी हे लिहिले ते फार बरे झाले. हा आजार साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसतो, मुलग्यांत आणि त्यातही पहिल्या अपत्यात अधिक. गिरणाकाठ ताईंची मुलगी सध्या त्याच वयात आहे, म्हणून लक्ष ठेवावे. दूध दर वेळी जोराने उडू लागले, उलटी हिरवी किंवा रक्तमिश्रित झाली, पोट फुगून टणक झाले, ताप आला, टाळू फुगली किंवा खोल गेली, बाळ मलूल पडले, चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, किंवा वजन वाढणे थांबले, तर डब्याचा विचार बाजूला ठेवून बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. हिरव्या उलटीच्या बाबतीत रात्रीची वेळ असली तरी सकाळची वाट पाहू नये. शीमध्ये रक्ताचे धागे किंवा चिकट आव, अंगावर खरखरीत चट्टे आणि सोबत उलट्या असे चित्र असेल तर गाईच्या दुधाच्या ॲलर्जीची शक्यता डॉक्टर तपासतात. तेव्हा पूर्ण तोडलेल्या प्रथिनांचे दूध दोन ते चार आठवडे देऊन फरक पाहिला जातो.

अमळनेरची आजी

आमची सगळी पिढी म्हशीच्या नाहीतर गाईच्या पाणी घातलेल्या दुधावर, बोंडल्याने पाजून वाढली. आता ते इतके वाईट कसे ठरले, हे कुणी समजावून सांगेल का? डब्याचे दूधही शेवटी गाईचेच आहे ना?

चाळीसगावचा फार्मासिस्ट

आजी, प्रश्न अगदी रास्त आहे. गाई-म्हशीच्या दुधात प्रथिने आणि क्षार आईच्या दुधाच्या कितीतरी पट असतात आणि लोह जवळपास नसते. पाणी घातले की प्रथिने कमी होतात खरी, पण त्याबरोबर स्निग्धांश आणि उष्मांकही कमी होतात, आणि लोह तर आणखीच घटते. डब्याच्या दुधात हे सारे बाळाच्या गरजेप्रमाणे जुळवून घेतलेले असते. म्हणून एक वर्षापर्यंत गाई-म्हशीचे वरचे दूध हा बाळाचा मुख्य आहार नसावा असे सांगितले जाते. बोंडल्याबद्दल मात्र तुमचे खरे आहे. स्वच्छ वाटी-चमचा किंवा बोंडले बाटलीपेक्षा उकळायला आणि घासायला केव्हाही सोपे. जन्मघुटी आणि मध मात्र नको. एक वर्षाच्या आत मधातून होणारी विषबाधा जीवघेणी ठरू शकते.

गिरणाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. सहा आठवड्यांच्या लसीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांना सारे सांगितले. त्यांनी डबा बदलला नाही. आधी अंगावर पाजावे आणि मग डब्याचे ६० मिलि द्यावे, असे त्यांनी ठरवून दिले. दूध वाढावे म्हणून रात्रीही पाजायला सांगितले. आता आई सुरीने चमचा सपाट करते, इतकेच नव्हे तर शेजारणींनाही ते दाखवते. दूध टाकणे पूर्ण थांबलेले नाही, पण दर वेळचे राहिलेले नाही, आणि वजनाची रेघ माता-बाल संरक्षण कार्डावर चढतीच आहे.

एक शेवटचा प्रश्न आहे. मे महिन्यात मला जळगावहून रेल्वेने सुरतेला सासरी जायचे आहे. उन्हाचा पारा ४४ अंशांच्या घरात असताना प्रवासात दुधाची व्यवस्था कशी करावी? आणि वरून थोडे पाणी पाजावे का?

पांझराकाठची मावशी

वरून पाणी पाजू नये. सहा महिन्यांपर्यंत बाळाला दुधातून पुरेसे पाणी मिळते. उन्हाळ्यात ते जास्त वेळा मागेल, तेव्हा आधी अंगावर घ्या. गाडीत हाच मार्ग सर्वांत सोपा आणि सुरक्षित.

डब्याच्या दुधासाठी तयार बाटली घरून भरून नेऊ नका. पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ती किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवायची असते. उकळलेले पाणी चांगल्या थर्मासमध्ये घ्या, पावडर मोजून छोट्या, उकळून वाळवलेल्या डब्यांत एका वेळेपुरती वेगवेगळी ठेवा, आणि बाळ मागेल तेव्हाच कालवा. बाटली गार पाण्याच्या भांड्यात फिरवून निववा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. बाळाने तोंड लावलेले उरले तर ते पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, ओतून द्या. घरच्या खोलीत कालवलेले दूध फार तर दोन तास ठेवतात. त्या दिवसांत रेल्वेच्या तापलेल्या डब्यात मी तेवढीही सवलत घेणार नाही. बाटल्या एकच न नेता तीन-चार उकळून न्या, कारण गाडीत त्या धुण्याची सोय नसते. आणि शक्य असेल तर रात्रीची गाडी बघा.